आठनंतर पुन्हा आठ

कवळीकाकूंचा खांदा धरला तो अगदी साध्या कामात. लॅबमधल्या फळीवरून प्लास्टरचा डबा काढायला त्यांनी उजवा हात वर केला आणि हात कानापर्यंत जाऊन तिथेच थांबला, दार फुगून चौकटीत अडकावं तसा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दुसऱ्या हाताने डबा काढला आणि कुणाला ताकास तूर लागू न देता कामाला बसल्या.

लॅब म्हणजे एका दुकानामागची लांबट खोली. दातांच्या दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे. काकू त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायच्या, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायच्या आणि त्या मेणात एकेक दात असा बसवायच्या की तो चावायलाही चालावा आणि हसायलाही. दिवसभर मान खाली, कोपर टेबलाला टेकलेलं, समोर भिंग. आयुष्याची निम्मी वर्षं अशी गेली होती, म्हणून साऱ्या इमारतीत त्या कवळीकाकू. त्यांचा नवरा पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, "अर्ध्या शहराचं हसू माझ्या बायकोच्या हातचं आहे. घरात मात्र जपून वापरते."

खांद्याचं लपलं नाही. केस विंचरताना मान वाकडी करावी लागायला लागली, तेव्हा लेकीने पकडलं. ही लेक जन्मल्यापासून घर डोक्यावर घ्यायची म्हणून बापाने तिचं नाव टिटवी पाडलं होतं. आता ती कॉलेजात होती, पण आवाज तोच. "आई, तू डॉक्टरकडे चालली आहेस. आज. आत्ता."

डॉक्टरांनी हात धरून इकडेतिकडे वळवून पाहिला. म्हणाले, "आखडलाय. रोज व्यायाम केलात तर सुटेल. फक्त एक लक्षात ठेवा, दुखायला लागलं की थांबायचं." दाराशी पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारून तेच सांगितलं. काकूंनी मान डोलावली. दुखायला लागलं की थांबायचं, हे वाक्य त्यांना कळलं होतं, पण अंगात कुठे शिरलं नव्हतं. कारण त्या ज्या हॉलमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथे दुखायला लागलं की सुरुवात झाली असं समजायचे.

ही गोष्ट घरात कुणाला नीटशी ठाऊक नव्हती. "लग्नाआधी ही वजनं उचलायची," एवढं काका कौतुकाने सांगायचे, जसं कुणाची बायको लग्नाआधी गायची तसं. काकूही त्यापुढे काही बोलत नसत.

टिटवी म्हणाली, "आई, एकटीने होत नाही हे. ॲप घे. ढीगभर आहेत. तुझ्या जातकुळीचं एखादं निघेलच."

पहिलं ॲप गोड होतं, फारच गोड. हात जरा वर गेला की स्क्रीनवर रंगीत कपटे उडायचे आणि एक बाई म्हणायची, "वा! तुम्ही कमाल आहात!" काकूंनी एकदा मुद्दाम हात उचललाच नाही. बाई म्हणाली, "वा! तुम्ही कमाल आहात!"

"खोटारडी आहे," काकू म्हणाल्या.

"अगं, राहू दे की," काका म्हणाले. "एवढं कौतुक माझं या घरात कुणी केलेलं नाही. तू नको ऐकूस, मी ऐकतो."

दुसरं टिटवीचं, नाचाचं. त्यात एक माणूस इतक्या वेगाने उड्या मारायचा की काकू त्याचे दातच बघत राहायच्या. वरचे चार बसवलेले होते, चांगले बसवलेले. तिसरं काकांनी शोधलं. त्यात ओळखपाळख नसलेल्या लोकांशी शर्यत असायची. काका दिवसभर मीटर वाचत पायपीट करायचे, त्यामुळे काही न करता पहिले आले आणि आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडले. काकूंचा खांदा मात्र होता तिथेच.

चौथ्या ॲपने आधी प्रश्न विचारले. एकटीने करायला आवडतं की कुणासोबत? तुम्हाला जोर कशाने येतो, कौतुकाने, स्पर्धेने की शिस्तीने? प्रशिक्षक कसा हवा? खाली तीन चौकटी होत्या: प्रेमळ, मित्रासारखा, कडक.

घरात त्या वेळी कुणी नव्हतं. काकू कितीतरी वेळ त्या तिसऱ्या चौकटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

शेवटचा प्रश्न होता, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू? आणि त्यांच्या बोटांनी जे लिहिलं ते लिहून झाल्यावर त्यांना दिसलं. कासव.

"चला, कासव," फोनमधून पुरुषाचा आवाज आला. "उभी राहा."

ते नाव या घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. आणि त्या केव्हाच उभ्या राहिल्या होत्या, टाचा जुळवून.

* * *

हॉल एका शाळेच्या तळघरात होता. जमिनीला काळं रबर, भिंतीला चुना, आणि हवेत लोखंडाचा वास, हातात नाणं बराच वेळ धरून ठेवल्यावर येतो तसा. सर तिथे मुलींना वजनं उचलायला शिकवायचे. खऱ्या नावाने त्यांनी कधी कुणाला हाक मारली नाही. एक उंच मुलगी होती, ती शिडी. आणि ही बुटकी, सावकाश, पण एकदा धरलेलं न सोडणारी, म्हणून कासव. सरांचा आवाज तळघरातून निघून तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात ऐकू जायचा, म्हणून मुली त्यांच्या माघारी त्यांना भोंगा म्हणायच्या. कासवाला मात्र ते जमलं नाही. माघारीसुद्धा ती सरच म्हणायची.

सरांची एक खोड होती. मोजताना ते आठपर्यंत नीट यायचे. मग घसा साफ करायचे, आणि पुन्हा म्हणायचे, आठ. मुलगी खाली जाऊन वर यायची, की परत आठ. दहा कधी येईल ते फक्त त्यांना माहीत. कधी यायचा, कधी यायचाच नाही. पाय थरथरायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. एखादी रडायला लागली की सर न ओरडता सांगायचे, "रडायचं असेल तर दाराबाहेर. आत जागा कमी आहे."

आणि तरीही कासव रोज जायची. कारण त्याआधी तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की तुझ्यात ताकद आहे. घरात ती चार भावंडांतली मधली होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष जायचं ते तिने काही सांडलं तरच. सरांनी पहिल्याच दिवशी तिच्या पायांकडे बघून म्हटलं होतं, "ही उचलेल." बस, एवढंच. त्या दोन शब्दांवर तिने सहा-सात वर्षं काढली.

मग एका संध्याकाळी शिडी खांद्यावर वजनांचा दांडा घेऊन बसली आणि उठली नाही. सर आठवर होते, तिसऱ्या की चौथ्या आठवर. दांडा धाडकन मागे पडला, शिडी बाजूला कलंडली आणि तिच्या कमरेत काहीतरी हललं ते कायमचं. कासव तेव्हा शेजारच्या वजनं उचलायच्या फळीवर उभी होती, आपला दांडा हातात धरून. तो खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही, कारण तिला कुणी ठेव म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने बूट पिशवीत घातले आणि पुन्हा त्या तळघराच्या पायऱ्या उतरली नाही. सर बोलवायला आले नाहीत. पुढे लग्न, लॅब, टिटवी. सर वारल्याचं कळलं तेव्हा ती एका म्हाताऱ्या वकिलाची वरची कवळी लावत होती. कुणाला काही न बोलता तिने ती पुरी केली.

* * *

कडक ॲपने गुण आला, हे खोटं नाही. महिन्याभरात काकूंचा हात कानाच्या वर गेला. सकाळी, सगळे उठायच्या आधी, त्या बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरायच्या, कानात फोनची बोंडं घालायच्या आणि तो आवाज सुरू व्हायचा. "हात सरळ, कासव. कारणं नकोत, कासव." तो कुठल्या तरी यंत्राने घडवलेला, गुळगुळीत आवाज होता. सरांचा आवाज खरबरीत होता. दोन्हींत काही साम्य नव्हतं. काकूंनी स्वतःला हे अनेकदा सांगितलं.

पण एका सकाळी, हात भिंतीवर चढवताना, आठच्या पुढे त्यांना घसा साफ केल्याचा आवाज आला.

त्यांनी हात तसाच ठेवला. मग ऐकू आलं, आठ. त्या पुन्हा खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. आठ. खांद्यात तापलेली तार ओढावी तशी कळ गेली. आठ. त्यांनी डोळे मिटले. रबराचा वास आला. आठ.

खांद्याला कुणाचा तरी हात लागला तशा त्या किंचाळल्या. समोर काका उभे होते, दाढीचा साबण अर्ध्या गालाला. "अगं, कधीचा हाका मारतोय! काय करतेस? ते तर केव्हाच थांबलंय."

फोनवर हिरवी खूण दिसत होती. संपलं, विश्रांती घ्या. काकांनी बोंडं काढून स्वतःच्या कानात घातली, पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. नऊ आला, दहा आला. "नीट मोजतोय की बिचारा. माझ्यापेक्षा बरा मोजतो. तुला काय ऐकू येत होतं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "झोप झाली नाही माझी."

त्याच वेळी हे ॲप काढून टाकायला हवं होतं. पण खांदा सुटत होता, आणि दुसरं म्हणजे, हे काकूंनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना कासव म्हणत होतं. भीती वाटायची आणि सकाळ कधी होते असंही वाटायचं. लॅबमध्ये मेणात दात बसवताना त्यांना मानेमागे कुणी उभं असल्यासारखं व्हायचं. वळून पाहिलं तर भिंत आणि साच्यांची मांडणी, ओळीने लावलेले पांढरे जबडे. त्या पाठ ताठ करून पुन्हा कामाला लागायच्या.

* * *

टिटवीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की आईला व्यायाम लागू पडतोय, आणि आई एकटी पडायला नको. म्हणून एका संध्याकाळी लॅबमधून आल्यावर काकूंनी सतरंजी अंथरली तशी तीही शेजारी येऊन पालथी पडली. "मलाही शिकव. कोपरांवर नको, हातांवर. जोर काढायचे. तू मोज, आई. ॲप नको, तूच मोज."

काकूंना बरं वाटलं. त्या तिच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. "कंबर खाली नको पडू देऊस. हं. एक."

टिटवी खिदळत होती. तीनला खिदळणं थांबलं. पाचला तिचे हात कापायला लागले. "आई, बास ना."

"सहा."

"आई, खरंच."

"सात. आठ." काकूंचा घसा खाकरला गेला. "आठ."

टिटवीने मान वर करून पाहिलं. "आठ झालं की!"

"आठ," काकू म्हणाल्या.

ती खाली गेली, कशीबशी वर आली. डोळ्यांत पाणी होतं, थोडं रागाचं, थोडं दुखण्याचं. आणि काकूंच्या तोंडून, न ओरडता, अगदी थंडपणे शब्द बाहेर पडले, "रडायचं असेल तर दाराबाहेर. आत जागा कमी आहे. आठ."

टिटवीचे हात सुटले. हनुवटी फरशीवर आपटली, सतरंजीच्या जरा पुढे, जिथे नुसती फरशी होती. टक्क असा आवाज झाला. तो आवाज काकूंनी हजार आवाजांत ओळखला असता.

समोरच्या दाताचा कोपरा गेला होता. ओठ फुटून रक्त आलं होतं. काकू खाली बसल्या, लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सवयीने हनुवटी उजेडाकडे वळवली. मग त्यांना कळलं आपण काय बघतोय. "टिटवे, बाळा, आ कर. हलत नाहीये ना? मुळाला काही झालेलं नाही. नुसता कोपरा आहे."

टिटवीने त्यांचे हात बाजूला केले. रडली नाही. उठली, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावून घेतली. जी पोर साधी बोटाला सुई टोचली तरी चार मजले गोळा करायची, तिच्याकडून पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही.

रात्री तिघं जेवायला बसली. काका एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. सकाळी दवाखान्यात दात भरून घेतला. डॉक्टर काकूंच्याच ओळखीच्या; त्यांनी दातांच्या रंगांची पट्टी काकूंपुढे धरली. "तुमच्यापेक्षा बरं कोण सांगणार?" काकूंनी पट्टी लेकीच्या ओठाशी नेली. दुसऱ्यांचे दात जुळवताना त्यांची नजर कधी चुकली नव्हती. आज डोळे भरून आले आणि सगळ्या छटा एकसारख्या दिसायला लागल्या. त्यांनी पट्टी परत दिली. "तुम्हीच बघा," म्हणाल्या.

* * *

शिडीचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, बॅगा आणि चेन दुरुस्त करायचं. दोघी भेटत, पण क्वचित. भेटल्या की दोघींचीही पाठ आपोआप ताठ व्हायची आणि मग गप्पांत काही राम उरायचा नाही. त्या दिवशी काकू न कळवता गेल्या. शिडी काउंटरमागे उंच स्टुलावर बसली होती, कंबर एका अंगाला टेकवून, मांडीवर प्रवासाची मोठी बॅग.

"कासव!" ती म्हणाली. "वाट चुकलीस की काय? तो स्टूल घे. तो नको, त्याचा पाय लंगडा आहे, माझ्यासारखा."

काकू बसल्या आणि प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. ॲप, तो आवाज, आठ, टिटवीचा दात. शिडीचे हात कामातच होते. सांगून झाल्यावर काकूंनी विचारलं, "तुला ऐकू येतात का गं सर?"

"भोंगा? रोज." शिडीने बॅगेची अडकलेली चेन उचलून दाखवली. "अशी एखादी अडकली ना, की मागून म्हणतो, जोर लाव, शिडी. मी म्हणते, जोर लावला की दाते तुटतात, भोंग्या. गप बस. इथे मेणबत्ती घासायची असते." तिने मेणबत्तीचा तुकडा चेनीवर घासला, रनर मागे घेतला, पुढे घेतला. चेन सरकली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, बाई. राहायचाच तो. तू त्याला उलट बोलत नाहीस, हे तुझं चुकतं."

"मला नाही जमत."

"ठाऊक आहे. तुझा लाडका होता ना."

"तुझी कंबर गेली त्यांच्यामुळे. आणि मी नुसती उभी राहिले."

शिडीने बॅग खाली ठेवली. "सगळ्याच उभ्या होत्या. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी आपण. आणि थंडीत तो पहाटे लवकर येऊन दांडे स्वतःच्या हातांनी चोळून ठेवायचा, आपले तळवे गारठू नयेत म्हणून, तेही मी विसरले नाही. दोन्ही त्यानेच केलं. मी काय करू?" ती जरा थांबली. "मी गेले होते शेवटी. बघायला."

काकूंनी मान वर केली.

"तुला सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. पलंगावर होता, एक बाजू लुळी पडलेली. आवाज तर गेलाच होता, नुसती कुजबुज. एक मुलगी यायची व्यायाम करून घ्यायला. माझ्यासमोर आली. त्याचा हात धरून वर करायची आणि मोजायची. एक, दोन, तीन. चौथ्याला त्याचे डोळे भरले. म्हणाला, पुरे. आणि ती थांबली."

"थांबली?"

"लगेच. हात अलगद खाली ठेवला, पांघरूण सारखं केलं, म्हणाली, बरं आजोबा, उद्या बघू. गेलीसुद्धा. आणि तो माझ्याकडे बघायला लागला. अगं, कसा बघत होता! जणू असं थांबता येतं, हे त्याला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं."

दुकानाबाहेरून एक ट्रक गेला, काचा थरथरल्या. काकूंना रडू आलं, आणि त्या त्याच स्टुलावर बसून रडल्या, गिऱ्हाईक दारात आलं तरी. शिडीने गिऱ्हाइकाला हातानेच 'नंतर या' असं खुणावलं.

निघताना शिडीने आपला फोन दाखवला. "कमरेसाठी मी हे वापरते." नुसतं एक वर्तुळ होतं. हळूहळू भरत जायचं, भरलं की टिंग. आवाज नाही, शाबासकी नाही, नाव विचारत नाही. काय करायचं, किती करायचं, ते आपणच आधी ठरवायचं. "मधेच दाबलंस तर थांबतं. तुझं ते बघ, थांबवायला गेलं की विचारत असेल, खरंच थांबायचंय का, थोडंच राहिलंय."

"विचारतं," काकू म्हणाल्या.

"हे नाही विचारत."

* * *

घरी आल्यावर काकूंनी आधी कडक प्रशिक्षक काढून टाकला. मग टिटवीच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. टिटवी पलंगावर वाचत होती. जीभ राहून राहून त्या भरलेल्या दाताकडे जात होती. काकू दाराबाहेरूनच बोलल्या. तळघर, शिडी, सर, सगळं. हे या घरात पहिल्यांदाच बोललं जात होतं. काका स्वयंपाकघरात ऐकत उभे होते आणि नळ चालू होता तो बंद करायचं त्यांना भान नव्हतं, पाण्याच्या कचेरीतला माणूस असून.

"म्हणजे ते वाक्य त्यांचं होतं?" टिटवीने विचारलं. "दाराबाहेरचं?"

"त्यांचं होतं. पण बोलले मी."

टिटवीने पुस्तक मिटलं नाही. "हं," एवढंच म्हणाली. एक पान उलटलं, मग म्हणाली, "आत ये. तिथे कशाला उभी राहतेस?" काकू आत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या. टिटवी सरकली नाही, पण जागा होती.

वर्तुळाच्या ॲपने सगळं सुरळीत झालं असं नाही. उलट पहिले काही दिवस जास्त कठीण गेले. तो यंत्राचा आवाज होता तोवर सर त्याच्या आड असत. आता खोलीत शांतता असायची, आणि शांततेत ते अगदी स्वच्छ ऐकू यायचे, त्याच खरबरीत आवाजात, मानेपासून वीतभर अंतरावर. वर्तुळ भरत यायचं, खांदा दुखायला लागायचा आणि मागून यायचं, आठ. एकदा काकूंनी त्यांचं ऐकलं. पुढचे दोन दिवस हात गळ्यात बांधून लॅबला जावं लागलं.

त्यानंतरच्या सकाळी त्यांनी भिंतीवर हात चढवला. कळ आली. वर्तुळ अर्धंच भरलं होतं. आठ, सर म्हणाले. भोंगा म्हणणं त्यांना त्या दिवशीही जमलं नाही. त्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "सर, मी थांबते."

आणि हात खाली घेतला. त्या वाट बघत राहिल्या. काहीच झालं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढली. सर गेले होते असं त्यांना वाटलं नाही. मागे उभे होतेच, पण बोलत नव्हते. काकूंनी वळून पाहिलं नाही. सतरंजीची घडी केली आणि आंघोळीला गेल्या.

हात पुढे हळूहळू बराचसा वर गेला. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, एवढाच जाईल, आणि एवढा पुष्कळ आहे. सर कधी यायचे, कधी आठ-आठ दिवस फिरकायचे नाहीत, आणि मग काकूंना आपण कुणाची वाट बघतोय असं होऊन ओशाळल्यासारखं व्हायचं. शिडीकडे मात्र त्या आता महिन्यातून एकदा तरी जात. तिथे सरांबद्दल बोलत असं नाही, बहुतेक वेळा चेनींबद्दल आणि कवळ्यांबद्दलच बोलत.

हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी टिटवी बैठकीत आली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आईपासून चांगलं लांब, तिने स्वतःची चादर टाकली. कानात स्वतःची बोंडं, फोनवर तोच उड्या मारणारा नाचरा माणूस. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं तर ती उठून जाईल असं वाटलं. दोघी आपापलं करत राहिल्या. टिटवी दोन-तीन उड्या चुकली, स्वतःशीच हसली, पुन्हा मारायला लागली. मग अर्ध्यातच तिने बोंडं काढली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. "दुखलं का?"

"नाही गं. कंटाळा आला," टिटवी म्हणाली आणि चादर तशीच टाकून पाणी प्यायला निघून गेली.

काकू हात अर्धा वर धरून उभ्या राहिल्या. त्या तळघरात इतकी वर्षं इतक्या मुली आल्या आणि गेल्या, पण कंटाळा आला असं कुणी कधी म्हटल्याचं त्यांना आठवेना. आतून टिटवीचा आणि तिच्या बापाचा कशावरून तरी वाद ऐकू यायला लागला, दोघांचेही आवाज चढलेले. काकूंनी आपलं राहिलेलं थोडं पुरं केलं, लेकीची चादर उचलली आणि खिडकीत झटकली.